व्याह्यांकडून आलेला सरडा

बसच्या कंडक्टरनं टोपली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "नाम दोंगहून आलीय. तुमच्या व्याह्यांनी पाठवलीय. तिरकी धरू नका." मी ती तिरकी धरली. आतून कुणीतरी फुस्स केलं आणि टोपलीचं झाकण माझ्या हनुवटीवर आदळलं. स्टँडवरची माणसं हसली. त्यातला एक माझा जुना विद्यार्थी निघाला, आणि त्यानं मोठ्या आदरानं "नमस्कार सर" म्हणून मग हसायला सुरुवात केली. मी ह्वे शहरातल्या एका बऱ्या शाळेत भूगोल शिकवतो. अशा वेळी आपण भूगोलाचे शिक्षक नसतो तर बरं, असं वाटतं.

घरी आल्यावर माझ्या बायकोनं, न्हाननं, टोपली ओट्यावर ठेवली आणि झाकण उचललं. आत गवती चहाच्या जुड्या होत्या आणि त्यांवर एक हिरवागार सरडा पसरला होता. सरडा म्हणजे आपला भिंतीवरचा किरकोळ नव्हे. अंग हातभर आणि शेपटी त्याहून लांब, पाठीवर करवतीसारखे दाते, आणि चेहऱ्यावर असा भाव की ओटा त्याचाच आहे आणि आम्ही विचारल्याशिवाय आत आलोय. पुस्तकात याला जलड्रॅगन म्हणतात. आमच्याकडचे लोक जमिनीवरचा ड्रॅगन म्हणतात. ओढ्याकाठच्या फांद्यांवर बसतो, चाहूल लागली की पाण्यात उडी मारतो. हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. पण वर्गात सांगणं वेगळं आणि तो आपल्या तांदळाच्या डब्यावर हात ठेवून बसणं वेगळं.

"हा कशाला पाठवलाय?" मी विचारलं.

"गवती चहा बरोबर दिलाय म्हणजे शिजवायलाच," न्हान म्हणाली.

"अंथरायला दिला असेल. मऊ असतो."

"गवती चहा मऊ असतो? जन्मात कधी चिरलाय तुम्ही?"

इथूनच आमचा घोळ सुरू झाला. कारण नाम दोंगच्या डोंगरात हा प्राणी काही लोक आवडीनं खातात आणि काही लोक हौसेनं पाळतात. आमची मुलगी दिएप हिचा साखरपुडा पुढच्या महिन्यात होता. मुलगा लाम चांगला, घर चांगलं, सगळं जुळत आलेलं. आता जर व्याह्यांनी हा खायला पाठवला असेल आणि साखरपुड्याला येऊन त्यांना तो आमच्या घरात फिरताना दिसला, तर त्यांनी पाठवलेलं अन्न आम्ही तोंडाला लावलं नाही असा अर्थ झाला. आणि जर पाळायला पाठवला असेल आणि आम्ही तो खाल्ला, तर मग बोलायलाच नको. दिएपनं दोन्ही शक्यता ऐकल्या आणि शांतपणे सांगितलं, "बाबा, माझं लग्न या सरड्यापायी मोडलं, तर मी तुमच्याशी बोलणार नाही."

तुम्ही म्हणाल, सरळ विचारायचं की. तुम्ही ह्वेचे नसणार. आमच्या शहरात भेट देणाऱ्याला 'हे कशासाठी?' असं विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर त्याची भेट परत फेकणं. आम्ही पाहुण्याला जेवून जा म्हणतो तेही तीन वळणं घेऊन म्हणतो. दिएपनं लामला फोन केला. लाम नोकरीसाठी दोन वर्षं लांबच्या शहरात, घरी असला सरडा त्यानं पाहिलेला नव्हता. तो म्हणाला, बाबांनी मला काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं तर प्रश्न तुमच्याकडून आलाय हे त्यांना लगेच कळेल. मुलगा वडिलांना फार घाबरतो. वडील, म्हणजे आमचे व्याही ताम, सहा फूट उंच, आवाज मोठा, संत्र्यांच्या बागेत उभं आयुष्य काढलेले. खरं सांगायचं तर मीही त्यांना थोडा घाबरतो.

न्हानचं म्हणणं, सगळा दोष माझा. आम्ही मुलाचं घर बघायला गेलो होतो तेव्हा मी प्रत्येक गोष्टीची स्तुती करत सुटलो होतो. अहो, पद्धतच आहे ती. मुलाकडच्या घराची स्तुती करायची नाही तर काय छताला पोपडे आलेत म्हणायचं? मी फाटकाची केली, कोंबड्यांची केली, विहीणबाईंच्या हातच्या रश्श्याची केली. बायका आत गेल्यावर अंगणात व्याह्यांबरोबर फिरताना दिसेल त्याची केली. चष्मा गाडीच्या डिक्कीत राहिला होता, तरी मी हयगय केली नाही. पेरूच्या झाडावर एक हिरवं ऑर्किड फांदीवरून लोंबत होतं, त्याचीसुद्धा केली. आता रश्श्याची स्तुती ऐकून त्यांनी मांस पाठवलं असेल, की कोंबड्यांची स्तुती ऐकून पाळायला जनावर, हे देवच जाणे.

तोपर्यंत बोळात बातमी गेली होती. आन कू नदीकाठचा आमचा बोळ एवढा अरुंद आहे की एका घरात शिंकलं तर समोरच्या घरात रुमाल शोधतात. पहिले आले समोरचे होआनदादा. हे लष्करात स्वयंपाकी होते आणि निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही. त्यांनी सरड्याच्या पोटाखालून बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, मांडीचं मांस भातात, पाठीचं गवती चहात, आणि बारीक हाडं तळून, म्हणजे काही वाया जात नाही. सरडा त्यांच्याकडे बघत होता. मी त्यांना बाहेरच्या खोलीत घेऊन गेलो, कारण त्याच्यासमोर हे बोलणं मला बरं वाटेना.

मग आल्या लुऊआजी. बोळातल्या सगळ्या लग्नांच्या, श्राद्धांच्या आणि भांडणांच्या त्या प्रमुख. पानाचा विडा एका गालातून दुसऱ्या गालात ढकलत त्या म्हणाल्या, "खायचं की पाळायचं ते तुमचं तुम्ही बघा. पण परतीचा वाटा विसरू नका." आमच्याकडे साखरपुड्याला मुलाकडची मंडळी लाल झाकणांच्या तबकांतून विडासुपारी, चहा, मिठाई, भाजलेलं डुक्कर असं सगळं घेऊन येतात. ते आधी पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे ठेवायचं, आणि मग त्यातला थोडा वाटा काढून झाकण उलटं ठेवून परत पाठवायचा. सगळं ठेवून घेतलं तर मुलीकडचे हावरट ठरतात. आजींच्या मते सरडा साखरपुड्याच्या आधी आला म्हणून नियम बदलत नाही. प्राणी असेल तर डोकं आणि शेपूट परत. आणि वाटा हातानंच काढायचा, सुरी लावायची नाही, नाही तर जोडप्यात तेढ येते.

"आजी, जिवंत आहे तो," मी म्हटलं.

"ते तुम्ही ठरवायचं म्हणतच होतात," आजी म्हणाल्या.

ठरेपर्यंत जिवंत ठेवायचा, एवढं ठरलं. नाव ठेवायला न्हाननं सक्त मनाई केली. नाव ठेवलं की खाता येत नाही, ती म्हणाली. पण काहीतरी म्हणायला तर हवं, म्हणून आम्ही त्याला पाहुणे म्हणू लागलो. पाहुणे जेवले का, पाहुणे कुठे आहेत, पाहुण्यांनी पडद्यावर घाण केलीय. शेजारच्या बोळातल्या एका बाईनं तर न्हानला विचारलं, तुमचे व्याही साखरपुड्याआधीच येऊन राहिलेत का.

दिएपनं कुठून कुठून वाचून काढलं की पाहुण्यांना पोहायला खोल पाणी लागतं, चढायला फांदी लागते, ऊब लागते, आणि हवा दमट लागते. दमट हवेचा प्रश्न नव्हता. ह्वेच्या हिवाळ्यात कपाटातल्या कोटावर बुरशी येते. पण खोल पाणी आमच्या घरात एकाच ठिकाणी होतं, बाथरूममधल्या सिमेंटच्या टाकीत. पाहुण्यांनी टाकी बघितली, आत उतरले, आणि तेव्हापासून बाथरूम त्यांची झाली. पाण्यात बसल्याशिवाय त्यांना शौचाला होत नाही, हे आम्हाला पहिल्याच सकाळी कळलं. मी रोज आंघोळीला टॉवेल खांद्यावर टाकून होआनदादांकडे जायला लागलो. ते मला साबण द्यायचे आणि दाराबाहेर उभे राहून एक नवीन कृती सांगायचे. डोक्यावर पाणी घेताना सरड्याच्या कालवणात हळद किती, हे ऐकणं माझ्या वयाच्या माणसाला शोभत नाही.

पहिल्या आठवड्यात पाहुणे टाकीच्या तळाशी डोळे मिटून पडलेले दिसले. हलेनात. मी हाक मारली, पाणी ढवळलं, काही नाही. व्याह्यांना काय सांगणार, दिएपला काय सांगणार. मी कपड्यांसकट हात खांद्यापर्यंत घातला आणि त्यांना बाहेर काढून उलटं धरून पाठ चोळायला लागलो. त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि माझ्या दंडावर चार नखांची खूण काढली. हा प्राणी पाण्याखाली श्वास कोंडून सावकाश झोप काढतो, हे दिएपनं मला नंतर वाचून दाखवलं. मी भूगोल शिकवतो, प्राणिशास्त्र नाही, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही वर्गात हेसुद्धा शिकवता.

एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली होती. मी बाथरूममध्ये काही बोललो की पाहुणे मान डोलवायचे. मी शाळेतल्या कटकटी सांगायचो, मुख्याध्यापकांनी माझे नकाशे तळघरात हलवले ते सांगायचो, आणि ते वर खाली, वर खाली मान हलवून ऐकायचे. या घरात मला एवढी दाद कुणी दिली नव्हती. मग दिएपनं वाचून सांगितलं की नर मान डोलवतो ते समोरच्याला धमकी द्यायला, हा माझा इलाका आहे, चालता हो म्हणून. मला वाईट वाटलं. तरी मी सांगणं सोडलं नाही. आरशातल्या स्वतःलाही ते धमकावतात आणि नाक आपटून घेतात असं दिसल्यावर आम्ही आरसा काढून टाकला. त्या दिवसापासून मी दाढी अंदाजानं करायला लागलो आणि शाळेत माझ्या गालावर रोज एक नवी चिकटपट्टी दिसायला लागली. एका शिक्षिकेनं न्हानला हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

खाण्याचा आणखी वेगळा ताप. पाहुणे जिवंत किडेच खातात. मी नदीकाठी गवतात टोपीनं नाकतोडे पकडायला जायचो. तिथून माझ्या शाळेची मुलं सायकलवरून घरी जातात. पहिल्या दिवशी ती थांबून बघत राहिली. मी ताठ उभा राहून म्हटलं, नदीच्या गाळाचं निरीक्षण चाललंय. दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग वह्या घेऊन निरीक्षणाला आला. शेवटी मी बाजारातून रातकिड्यांचा डबा आणला. त्याचं झाकण न्हाननं डाळीचा डबा समजून उघडलं. ते रातकिडे अजून आमच्या घरात कुठेतरी आहेत. सोफ्यातून आवाज येतो.

मग कुणीतरी वॉर्डच्या ऑफिसात कळवलं. होआनदादा म्हणतात आपण नाही. मला बोलावणं आलं. तिथल्या बाई फार नम्र होत्या. रानातला प्राणी घरात ठेवायचा तर तो कुठून आला याचा दाखला लागतो, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, व्याह्यांकडून आला. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, पाळण्यासाठी ठेवलाय की खाण्यासाठी, कारण दोन्हींचे दाखले वेगवेगळ्या खिडक्यांवर मिळतात. मी दोन्ही खिडक्यांकडे बघितलं. शेवटी म्हणालो, ते अजून ठरलेलं नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही माझ्या भावाला शिकवलंय, म्हणून सांगते. आधी घरी जाऊन ठरवा." मी घरी गेलो आणि ठरवू शकलो नाही.

थंडी वाढली तसे पाहुणे काळवंडले आणि खायचे बंद झाले. ऊब द्या, दिएप म्हणाली. आम्ही दिवा आणला, तो त्यांना पसंत पडला नाही. त्यांनी स्वतः शोध घेतला. एका दुपारी मी शाळेतून येऊन बघतो तर पाहुणे बैठकीतल्या देव्हाऱ्यावर, लाल दिव्याखाली, माझ्या वडिलांच्या तसबिरीला टेकून बसलेले. पुढ्यात वाहिलेली केळी होती, त्यांतलं एक नखांनी फाटलेलं. वडिलांचा फोटो तसाही कडक चेहऱ्याचा. दोघे मिळून माझ्याकडे बघत होते. लुऊआजी दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "बघा. मुलाकडून आलेलं आधी देव्हाऱ्यावर ठेवायचं असतं. तुम्ही ठेवलं नाहीत, तर ते आपणहून गेलं."

उदबत्तीच्या राखेत पाय, तसबीर हललेली, आणि साखरपुडा चार दिवसांवर. मी खुर्चीवर चढलो, पाहुण्यांना दोन्ही हातांनी धरायला गेलो. ते उडी मारून निघाले. माझ्या हातात फक्त शेपटी आली. मी ती धरली. आणि ती माझ्या हातातच राहिली. पाहुणे खाली पडले, मागच्या दोन पायांवर उभे राहून माणसासारखे धावत बाथरूममध्ये गेले, आणि मी खुर्चीवर, हातात वळवळणारी शेपटी घेऊन, माझ्या वडिलांसमोर उभा.

मी खोटं कशाला सांगू, मला रडू आलं. न्हानला वाटलं साखरपुड्याच्या काळजीनं. ती काळजी होतीच. पण टाकीमागच्या कोपऱ्यात ते आखूड होऊन बसले होते आणि मी जवळ गेल्यावर त्यांनी मान डोलवली नाही, धमकीसुद्धा दिली नाही. दिएपनं एका जनावरांच्या डॉक्टरला फोन केला. आयोडीन लावा, कोरडं ठेवा, शेपटी पुन्हा येते, असं त्यांनी सांगितलं. न्हाननं आयोडीन लावलं आणि ती पुटपुटली, "पाहुणे, यांना माफ करा, यांना काही धरता येत नाही." शेपटी तिनं कागदात गुंडाळून बर्फाच्या कप्प्यात कोळंबीशेजारी ठेवली. का ठेवली हे तिलाही माहीत नव्हतं. लुऊआजी तेवढ्या समाधानी होत्या. हातानं निघाली, सुरी लागली नाही, निम्मं काम झालं, त्यांनी सांगितलं. डोकं राहिलं फक्त.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी आम्ही तिघांनी बसून एक योजना केली. पांढरपेशा माणसाला दोन्ही बाजूंनी तयारी ठेवता आली की त्याला आपण शहाणे आहोत असं वाटतं. होआनदादांनी त्यांच्या घरी कोंबडीचं मांस गवती चहात असं शिजवायचं की ते सरड्याचं आहे अशी कुणाचीही खात्री पटावी. व्याह्यांनी चव कशी होती असं विचारलं, तर होआनदादा पातेलं घेऊन येणार, आणि पाहुणे बाथरूममध्ये कडीबंद. व्याह्यांनी तो कसा आहे असं विचारलं, तर दिएप पाहुण्यांना नवीन टोपलीत लाल फीत बांधून आणणार, आणि पातेलं होआनदादांच्या घरीच राहणार. शेपटीबद्दल विचारलं, तर काय करायचं हे आम्ही ठरवलं नाही. तिथे आमची शक्ती संपली.

मंडळी आली. तबकं आली, लाल झाकणं आली. मी निळा लांब अंगरखा आणि गोल पगडी घालून ताठ उभा होतो, गालावर चिकटपट्टी. व्याही ताम एका घट्ट काळ्या कोटात आले होते, आणि पहिल्या भेटीत जो आवाज घुमत होता तो आज कुठे ऐकू येईना. बारीक झाले होते. भाषणं झाली, विडा दिला घेतला, दिएप आणि लामनं देव्हाऱ्यापुढे नमस्कार केला. सगळं नीट पार पडत होतं. फक्त व्याही सरड्याविषयी अवाक्षर काढत नव्हते. ते छताकडे बघायचे, खिडकीकडे बघायचे, सोफ्यातून रातकिडा ओरडला तेव्हा दचकून सोफ्याकडे बघायचे. जेवायला बसलो तर भाताचे दोन घास खाल्ले आणि थांबले. दाराआडून न्हान मला खुणा करत होती, काय म्हणाले. मी खांदे उडवत होतो. माझी पगडी दोनदा पडली.

आणि मग व्याही उठले. हात धुवायचेत, म्हणाले, आणि बाथरूमकडे निघाले. मी मागून म्हटलं, नळ बिघडलाय, आपण समोर होआनदादांकडे जाऊ, चांगली गरम पाण्याची सोय आहे. सहा फूट माणूस तोवर पोचला होता. कडी वाजली, दार उघडलं, दार लागलं. आतून काही आवाज येईना.

मी दिएपकडे बघितलं, ती भिंतीकडे बघत होती. समोरच्या घरातून होआनदादा सगळं बघत होते. व्याह्यांना उठलेलं बघून त्यांना वाटलं हीच खूण. ते पातेलं घेऊन आत आले, मंडळींच्या मधोमध ठेवलं, आणि लष्करी आवाजात जाहीर केलं, "व्याह्यांनी पाठवलेला सरडा. गवती चहा घालून."

बाथरूमचं दार उघडलं. व्याही दारात उभे होते. त्यांच्या कोटावर पाणी, टायवर आयोडीन, आणि छातीला सरडा चिकटलेला. लामच्या काकांनी पातेल्याकडे बघितलं, मग सरड्याकडे, मग पुन्हा पातेल्याकडे, आणि हातातली वाटी हळूच खाली ठेवली.

"मीत जिवंत आहे," व्याही म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते. मीत म्हणजे आमच्याकडे फणस. लाडक्या मुलाला म्हणतात.

मग तेच बोलायला लागले. सगळ्यांसमोर, त्या मोठ्या आवाजात. म्हणाले, "मास्तर, तुम्ही माझ्या अंगणात पेरूखाली उभे राहून याच्याकडे बोट दाखवलंत. म्हणालात, असं देखणं रूप मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. होणाऱ्या व्याह्यानं असं म्हटल्यावर मी ते घरी कसं ठेवून घेऊ? लोक काय म्हणतील? पिल्लू होता तेव्हा ओढ्याच्या पुरात वाहत आला होता. माझ्या खांद्यावर बसून बागेत यायचा."

पेरू. हिरवं ऑर्किड. डिक्कीतला चष्मा. मला एकदम सगळं दिसलं.

"आणि गवती चहा?" न्हाननं दाराआडून विचारलं. इतके दिवस तिला तेच खात होतं.

व्याही खाली बघत म्हणाले, "शहरातले लोक काय करतील ते मला काय माहीत, विहीणबाई. ठेवलात तर त्याला झोपायला होईल. खाल्लात तर निदान चव तरी येईल. विचारायचं कसं? दिल्यावर विचारतात का?"

मी त्या माणसाला घाबरत होतो. तो बिचारा महिनाभर माझ्यासारखाच तडफडत होता. मला त्याला मिठी मारावीशी वाटली, पण मध्ये सरडा होता. तेवढ्यात व्याह्यांचा हात मीतच्या मागच्या बाजूवर गेला आणि थांबला. त्यांनी पातेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मास्तर," त्यांनी फार हळू विचारलं, "तुम्ही फक्त शेपटीच खाल्लीत?"

मी न्हानकडे बघितलं. न्हान आत पळाली. दिएपनं डोळे मिटून घेतले. लामनं कधी नव्हे ते पुढे होऊन तिचा हात धरला. व्याह्यांनी मीतला छातीवरून सोडवायला घेतलं, मला परत द्यायला. दिलेलं ते दिलेलं, म्हणाले, तुमचाच आहे. त्यांचा आवाज फाटला. मीत काही सुटेना, नखं कोटात रुतवून बसला. तो मोठा माणूस सगळ्यांसमोर एकेक नख हलकेच सोडवत उभा राहिला. ते मला बघवेना.

आणि मला लुऊआजी दिसल्या. त्या कोपऱ्यात विडा चघळत होत्या आणि माझ्याकडेच बघत होत्या.

मी पगडी सरळ केली. "व्याहीबुवा, थांबा," मी म्हणालो. "आम्ही ह्वेची माणसं. सगळं ठेवून घेतलं तर आमची रीत राहत नाही. परतीचा वाटा द्यावा लागतो. आम्ही आमचा वाटा काढून ठेवलाय. हातानं काढलाय, सुरी लावलेली नाही. उरलेला तुमचा आहे, तो तुम्हाला नाही म्हणता येणार नाही."

न्हान तोपर्यंत बर्फाच्या कप्प्यातलं पुडकं घेऊन बाहेर आली होती. तिनं ते उघडलं नाही, बरं केलं. मी ते दोन्ही हातांनी घेऊन देव्हाऱ्यावर वडिलांपुढे ठेवलं. व्याही बघत राहिले. मग लामच्या काकांनी विचारलं, एवढा मोठा परतीचा वाटा असतो का कुठे. लुऊआजी म्हणाल्या, "डोकं परत जातं. डोक्याला अंग चिकटलेलं असेल तर त्याला मुलीकडचे काय करणार?"

मिठाईचं एक मोठं तबक रिकामं करून त्यात मीतला बसवलं आणि लाल झाकण उलटं ठेवलं. उलटं झाकण त्याच्या डोक्यावर टोपीसारखं हलायला लागलं. होआनदादांनी मंडळींना कोंबडी वाढली आणि ती कोंबडी आहे हे शपथेवर सांगितलं. व्याह्यांनी तीनदा भात मागून घेतला. मला त्यांचा कोट चांगला वाटला होता, मी तसं म्हणणारच होतो. न्हाननं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

आरसा आता जागेवर आहे, दाढी सरळ होते. टाकीत पाणी स्वच्छ आहे. मी आंघोळ घरीच करतो, आणि डोक्यावर पाणी घेताना शाळेच्या कटकटी सांगायला तोंड उघडतो, मग आठवतं की ऐकायला कुणी नाही. आमच्या घरात सगळ्यात जास्त ऐकून घेणारा तोच होता, आणि तोही मला हाकलण्यासाठी.

लग्नानंतर आम्ही नाम दोंगला गेलो. मी चष्मा लावून गेलो होतो. व्याहीबुवा मला पेरूखाली घेऊन गेले. मीत फांदीवर होता, नवी शेपटी आखूड, जराशी काळी आणि वाकडी. त्यानं मला बघितलं, ओळखलं, आणि वर खाली, वर खाली मान डोलवली. त्याच्या देखणेपणाबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे पुष्कळ होतं. पण व्याहीबुवा अगदी शेजारी उभे होते, श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होते. मी हात मागे बांधले आणि म्हणालो, "पेरू बरे धरलेत यंदा." व्याहीबुवांनी मोकळा श्वास सोडला आणि घाईघाईनं माझ्यासाठी टोपलीभर पेरू तोडायला घेतले.